दाराशी बसलेला पाहुणा

मान वाढला होता, आणि नेमके तेच फ्रिडोलिन एल्मरला सहन होत नव्हते.

सादिरबेकच्या घरून सकाळी सायीचे भांडे पूर्वीसारखेच येत होते. उलट आता त्यावर धुवट रुमाल झाकलेला असे. कुंपणापाशी गाठ पडली की सादिरबेक टोपीला हात लावून झोपेची, गुडघ्याची, मधमाश्यांची चौकशी करी. भांडत मात्र नसे. आणि या दोन शेजाऱ्यांचे सगळे सख्य भांडणावरच उभे होते.

तेरेक-सू हे नारीनच्या डोंगरातले मेंढपाळांचे गाव. सोव्हिएत संघ मोडून किरगिझस्तान वेगळा झाला, त्यानंतरच्या ओढगस्तीच्या वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या एका संस्थेने फ्रिडोलिनला तिथे पाठवले. काम असे की, गावकऱ्यांना आपला कारभार आपण करायला शिकवावे : सभा कशी भरवावी, ठराव कसा मांडावा, मत गुप्त कसे द्यावे. गावच्या शाळेत मतदानासाठी पहिला निळा पडदा लागला तो त्याने आणलेल्या कापडाचा. सादिरबेकच्या बायकोने, बुरुलने, तो आपल्या यंत्रावर शिवून दिला होता. पुढे संस्था काम आटोपून निघून गेली. फ्रिडोलिनही एकदा परतला होता. पण स्वित्झर्लंडमधल्या ग्लारूसच्या आपल्या घरी, सख्ख्या भावाने त्याला चांगले ताट आणि पाहुण्यांचा बिछाना दिला, तेव्हा आपण तिथले उरलो नाही हे त्याला उमगले. तो तेरेक-सूला आला, पडीक घर घेतले, मधमाश्या पाळल्या, शाळेत जर्मन शिकवू लागला. गाव त्याला फ्रिदो-आके म्हणू लागले. नावापुढचे ‘आके’ हे वडीलधाऱ्यांना लागते. परक्याला ते लागायला नुसते वय पुरत नाही, मुक्काम लागतो.

ग्लारूस प्रांतातल्या एका वर्तमानपत्रासाठी तो दर पंधरवड्याला एक लेख लिही. विषय नेहमी एकच : जुना संघ मोडल्यावर जे देश उरले, त्यांचे राजकारण आणि त्यांची रीत. बिश्केकमध्ये राष्ट्राध्यक्ष पळवून लावला गेला की तिकडचे संपादक त्याची आठवण काढत. आणि असे एकदाच घडले नव्हते. फ्रिडोलिन अभ्यासू होता, प्रामाणिक होता, उथळ लिहीत नसे. आपले मत तो आधी सादिरबेकवर पारखून घेई. सादिरबेक पूर्वी सामुदायिक शेतीसंस्थेत पशुतज्ज्ञ होता. संस्था मोडली तेव्हा मेंढ्या वाटल्या गेल्या, ज्ञान कुणी मागितले नाही. तो फ्रिडोलिनहून वयाने मोठा, आणि जिभेने त्याहून मोठा.

“संक्रमण, संक्रमण!” सादिरबेक कुंपणावर कोपरे टेकून म्हणे. “तीस वर्षं पूल ओलांडतोय आम्ही. पलीकडचा काठ पाहिलाय का कुणी? तुम्ही पाहिलात?”

“पूल कसा बांधायचा हे शिकवायला आलो होतो मी, काठ दाखवायला नव्हे.”

“हां! म्हणजे काठ आहे की नाही हे न बघताच पूल विकलात आम्हाला!”

अशा वेळी बुरुल घरातून ओरडे, “अहो, त्या पुलावरून खाली उतरा, चहा निवतोय.”

हे सारे बंद पडले ते एका वाक्यामुळे. हिवाळ्यात संसदेची निवडणूक झाली. तेरेक-सूतून इमानकुलचा पुतण्या उभा होता. इमानकुल हा सादिरबेकचा थोरला चुलतभाऊ, भावकीतला सर्वांत वडील माणूस, गावच्या पंचांत बसणारा. पुतण्याला गावाची भरघोस मते मिळाली. फ्रिडोलिनने लेख लिहिला, आणि त्यात हे वाक्य आले : ‘माझा शेजारी मला भेटलेल्या माणसांतला सर्वांत सरळ माणूस आहे, पडद्याआड तो एकटा गेला, पण खूण केली ती त्याच्या भावकीने.’ वाक्य त्याला आवडले होते. दोनदा वाचून त्याने ते तसेच ठेवले.

सादिरबेकची नात पेरिझात बिश्केकला शिकते. तिने तो लेख मोबाईलवर किरगिझमध्ये उतरवून घेतला आणि सुट्टीत घरी आल्यावर आजोबांना वाचून दाखवला. परत जाताना गाडीच्या थांब्यावर तिनेच हे फ्रिडोलिनला सांगितले.

“मग? काय म्हणाले ते?” फ्रिडोलिनने विचारले.

“काहीच नाही. आजीला म्हणाले, चहा दे.”

“रागावले?”

“काका, रागावले असते तर मी तुम्हाला सांगायला आले असते का? आपोआप ऐकू आलं असतं तुम्हाला. भिंती काय जाड आहेत आमच्या!”

तेव्हापासून फ्रिडोलिनचे पाऊल एका ठिकाणी ठरेना. पोळ्यांपाशी जाई आणि झाकण न उघडताच परते. कुंपणापाशी उगाच खिळे ठोके. सादिरबेक दिसला की मुद्दाम चिथावणारे विषय काढी : सामुदायिक शेती हीच चूक होती, नवी राज्यघटना म्हणजे जुन्याच टोपीला नवे अस्तर. पूर्वी एवढ्यावर सादिरबेकने त्याला दुपारपर्यंत सोडले नसते. आता तो मान हलवून म्हणे, “तुम्ही म्हणता तसंच असेल, फ्रिदो-आके.” या वाक्याइतके घट्ट लागणारे दार त्या डोंगरात दुसरे नाही. पाहुण्याचे बोलणे खोडायचे नसते. म्हणजेच ते मनावरही घ्यायचे नसते. इतक्या वर्षांच्या मुक्कामातून जे मिळवले ते एका वाक्यापायी गेले, आपण पुन्हा पाहुणे झालो, हे त्याला कळत होते. त्याला क्षमा नको होती. त्याला उत्तर हवे होते.

वसंतात सादिरबेकचे व्याही तालासहून आले. मेंढी कापली गेली, भावकी जमली, फ्रिडोलिनला अर्थातच बोलावणे होते. अशा प्रत्येक जेवणात त्याची जागा ठरलेली : दारासमोरच्या भिंतीशी, सर्वांत आत, मानाच्या गाद्यांवर. आणि मेंढीचे शिजवलेले डोके त्याच्यापुढे ठेवले जाई. तो रीतीप्रमाणे कान कापून घरातल्या पोरांना देई. मोठ्यांचे ऐकायला शिकावे म्हणून कान हा लहानांचा वाटा. दाराशी बसत त्या घरच्या सुना, समोवारमधून चहा ओतायला, आणि धाकटे मुलगे, हातावर पाणी घालायला.

त्या दिवशी फ्रिडोलिन आत आला, बूट काढले आणि आत न जाता दाराशीच, समोवारच्या बाजूला, मांडी घालून बसला. हे त्याने ठरवून केले होते. मी पाहुणा नाही, घरचा आहे, एवढेच त्याला न बोलता सांगायचे होते.

सादिरबेक जागेवरून अर्धा उठला.

“फ्रिदो-आके, वर या ना,” सादिरबेक म्हणाला.

“मी इथंच ठीक आहे. चहा ओतायला मदत करतो.”

धाकट्या सुनेच्या हातातला पेला तसाच राहिला. तालासचा व्याही अर्धवट टेकला होता, तो पुन्हा उठून उभा राहिला. “इतका जुना पाहुणा जर दारात बसला,” तो म्हणाला, “तर आम्ही कुठं बसायचं? गोठ्यात?”

कुणी हसले नाही. इमानकुल दाढीवरून हात फिरवत सादिरबेककडे बघत होता. “सादिरबेक, या माणसाचं काय बिनसलंय तुझ्याशी? चारचौघांत असा दारात बसतोय म्हणजे काहीतरी वाईट वागणूक मिळाली असणार तुझ्याकडून.”

आपण काय केले ते फ्रिडोलिनच्या ध्यानात आले, पण उशिरा. ज्याला घरच्याने मान दिला नाही असा पाहुणा दाराशी बसतो. ती त्याची मुकी फिर्याद असते, सगळ्या भावकीपुढे मांडलेली. नम्रता म्हणून जे केले ते आरोप झाले होते. आपल्या देशात शेवटच्या बाकावर बसणे हा ज्याचा त्याचा प्रश्न असतो. इथे कुणीही एकटा बसत नाही. तो जिथे बसतो तिथून बाकीच्या सगळ्यांच्या जागा ठरतात.

बुरुलने वेळ सावरली. तिने सरळ येऊन त्याच्या दंडाला धरले. “उठा बरं. उकळतं पाणी आहे इथं, पाय भाजाल. आधीच ते गुडघे!” तो उठला. आत जाऊन बसला. डोके त्याच्यापुढे आले, कान त्याने कापून पोरांना दिले, आणि घास गिळत राहिला. सादिरबेक अखेरपर्यंत हसतमुख होता. त्याच्या मानेवरची शीर तेवढी उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची पाळी होती. दोघांच्या बागांमधून एकच पाट जातो. फ्रिडोलिन बांधाची माती सारत असताना सादिरबेक फावडे घेऊन आला आणि चौकशी वगैरे काही न करता समोर उभा राहिला.

“काल दारात काय म्हणून बसलास?”

“मला वाटलं, मी घरचा आहे असं…”

“घरचा? घरचा माणूस व्याह्यांसमोर घराची अब्रू काढतो होय? आज तालासभर बोभाटा होईल, सादिरबेक शेजाऱ्याला बुटांशेजारी बसवतो म्हणून. पोरीला सासुरवाशीण करून पाठवलीय मी त्या घरात. तिनं काय ऐकून घ्यायचं?”

“चुकलो. पण तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हता.”

“रोज बोलतोय की. साय पाठवतोय.”

“साय म्हणजे बोलणं नव्हे, सादिरबेक-आके.”

“बरं. बोलू या मग.” सादिरबेकने फावडे चिखलात रोवले. “नातीनं वाचून दाखवलं. झकास लिहितोस. पाठ झालंय मला ते वाक्य. आता एवढं सांग, मी मत कुणाला दिलं?”

फ्रिडोलिन पुन्हा बांधाची माती सारू लागला.

“सांग ना! तिकडे छापून मोकळा झालास, मला सांगायला का लाजतोस?”

“सगळ्या गावानं इमानकुलच्या पुतण्याला दिलं. आकडे तर…”

“गावाचं कोण विचारतंय? माझं विचारतोय. मी, सादिरबेक. माझी खूण कुठं होती?”

“मला वाटलं की…”

“वाटलं!” सादिरबेकचा आवाज चढला, पाटापलीकडच्या गाईने मान वर केली. “पडदा तू आणलास. माझ्या बायकोनं शिवला. त्याच शाळेत उभा राहून तू आम्हाला बजावलंस, पडद्याआड काय केलं ते बापालाही सांगू नका, आणि बापानंही विचारू नये. मला हसू आलं होतं तेव्हा. म्हटलं, यांच्या स्वतःच्या गावात मत द्यायला चौकात जमून हात वर करतात, आणि आम्हाला पडदे वाटत फिरतात. पण ऐकलं मी तुझं. अरे, जन्मात मला कुणी एकट्याला उभं केलं नव्हतं. शाळेत रांग, पक्षात रांग, मेंढ्या मोजायला समिती, मेल्यावर रडायला भावकी. त्या दोन हात कापडामागं पहिल्यांदा मला कुणी बघत नव्हतं. आणि तू काय केलंस? पडदा बाजूला सारलास आणि जगाला सांगितलंस, आत कुणी नव्हतंच म्हणून!”

पाणी बांध ओलांडून भलतीकडे वाहू लागले होते. दोघांनीही तिकडे पाहिले नाही.

“म्हणजे तुम्ही दुसऱ्याला…” फ्रिडोलिनच्या तोंडून निघाले.

“विचारू नकोस!” सादिरबेकने बोट उगारले. “बुरुलनं विचारलं नाही. इमानकुलला विचारायचा धीर झाला नाही. तू विचारणार? शिकवणारा तूच ना?” त्याने फावडे उपसले. “दिलंही असेल इमानकुलच्या पुतण्याला. नसेलही. पोरगा काही वाईट नाही. ते माझं मला ठाऊक.”

आणि तो पाणी वळवायला गेला.

त्या दिवशी फ्रिडोलिन लिहायला बसला. चूक झाली की ती सुधारायची, आणि जिथे केली तिथेच सुधारायची, ही त्याची लहानपणापासूनची शिस्त. त्याने लिहिले : ‘माझ्या शेजाऱ्याने मत कुणाला दिले हे मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असल्यासारखे लिहिण्याचा मला अधिकार नव्हता.’ वाक्य खरे होते. साधे होते. मग त्याला दिसले की, हेही वाक्य पेरिझातच्या किंवा आणखी कुणाच्या मोबाईलवरून गावात येणार. इमानकुल ते ऐकणार, दाढीवरून हात फिरवणार, आणि म्हणणार : ठाऊक नाही? इतके दिवस ठाऊक होते, आता एकाएकी का नाही? मग सादिरबेकने मत दिले तरी कुणाला?

पहिले वाक्य खोटे असेल किंवा योगायोगाने खरेही असेल. पण गावात ते सादिरबेकच्या आड येत नव्हते. उलट त्याला झाकत होते. दुरुस्ती मात्र पडद्याचे दुसरे टोक धरून ओढणार होती. खरे लिहिण्याची मुभा त्याने आपल्याच हाताने घालवली होती. तो उठला, पोळ्यांपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. दूरच्या वाचकांना एक समज देऊन बसलेला माणूस तो समज काढून घेऊ शकत नाही, कारण त्याची किंमत ते वाचक मोजत नाहीत. ती शेजारच्या घरात मोजली जाते. इतक्या वर्षांच्या लेखांत त्याने किती शेजारी, किती शिक्षिका, किती गाडीवाले असे उदाहरणादाखल उभे केले होते, आणि त्यांतल्या एकालाही विचारले नव्हते, याचा विचार त्याला त्या आठवड्यात बसू देत नव्हता. संपादकाला त्याने कळवले की, या खेपेस लेख नाही. कारण दिले नाही. कारणही लिहिण्यासारखे नव्हते.

मग त्याने एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. त्याने मेंढी कापवली आणि भावकीला जेवायला बोलावले. एकट्या माणसाकडून कुणी अपेक्षा धरत नाही, त्यामुळे तो आजवर सुटला होता. बुरुल सकाळीच येऊन पातेल्याचा ताबा घेऊन बसली. “मीठ मी बघते,” ती म्हणाली, “पण हाडं तुम्हीच वाटायची. यजमानाचं काम आहे. मी तोंड उघडणार नाही.”

“सांगा तरी, कुणाला कुठलं.”

“इतकी वर्षं खाल्लीत ना आमच्याकडं? मग बघितलं नाहीत वाटतं कुणापुढं काय ठेवतात ते?”

त्याने पाहिले नव्हते. त्याच्यापुढे नेहमी डोके असे, आणि डोके पुढ्यात असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ताटात बघण्याची गरज पडत नाही.

लोक आले. सादिरबेकही आला; न येणे त्याला शोभले नसते. फ्रिडोलिनने त्याला सर्वांत आत बसवले, इमानकुलला त्याच्या उजव्या हाताला, आणि स्वतः दाराशी बसला. या घरात ती जागा त्याची होती. मांसाची परात आली. कमरेचे हाड वडीलधाऱ्यांचे, एवढे त्याला आठवत होते. पण शिजलेल्या ढिगात ते ओळखता येईना. ताटे फिरली.

“हे काय?” इमानकुलने पुढच्या पायाचे हाड दोन बोटांत उचलून धरले. “हे तर धाकट्या सुनेचं! या वयात मला आता सून करता काय?”

“आणि माझ्यापुढं कमरेचं हाड!” धाकटी सून तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. “आजपासून मी पंचांत बसणार!”

“बस, बस! तुझा निकाल तरी लवकर लागेल,” बुरुल म्हणाली.

“फ्रिदो, अरे हिकडं दे ती परात,” इमानकुल ओरडला. “बरगडी त्याला, मांडी याला. डोळे आहेत का काय आहे? एवढी पुस्तकं वाचलीस, मेंढी वाचता येईना!”

सगळे एकदम बोलत होते. परात हातोहात फिरत होती, हाडे एका ताटातून दुसऱ्यात जात होती, कुणी त्याला मूर्ख म्हणत होते, कुणी नापास मास्तर. फ्रिडोलिनच्या कपाळावर घाम आला. असे कुणी त्याच्या अंगावर कधी ओरडले नव्हते. एक मात्र बरोबर पडले होते : डोके सादिरबेकपुढे होते.

सादिरबेकने सुरी काढली. बाहीला पुसली. सावकाश कान कापला आणि पोरांकडे न बघता हात लांब करून तो थेट दाराकडे धरला.

“घे.”

खोलीत कुजबुज झाली. कान हा लहानांचा वाटा.

“घे म्हणतो ना. वाढत्या वयात चांगला असतो.”

आधी बुरुल हसली, मग सगळे. इमानकुलने मांडीवर थाप मारली. “दुसराही दे रे त्याला! एकानं नाही भागायचं!” एक कान का पुरायचा नाही, ते इमानकुलला ठाऊक नव्हते, आणि ते त्याला कळू द्यायचे नाही, हे खोलीत फक्त सादिरबेक आणि फ्रिडोलिन या दोघांनाच ठाऊक होते. फ्रिडोलिन गुडघ्यांवर पुढे सरकला, दोन्ही हातांनी कान घेतला आणि तोंडात टाकला.

“आता,” सादिरबेकने डोके बाजूला सारून मांडी बदलली, “मागं कुंपणापाशी म्हणत होतास ना, सामुदायिक शेती हीच चूक होती म्हणून? तेव्हा मी गप्प बसलो. आज नाही बसत. ऐक.”

फ्रिडोलिनला तिथल्या तिथे दोन मुद्दे सुचले होते. पण कान चिवट होता, चावून चावून संपेना, आणि भरल्या तोंडाने मोठ्यांना उत्तर देणे त्या गावातही वाईटच दिसते. तो चावत राहिला.